वानगीची बाटली

"एवढं कसं वाढलं हो आजी?" डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला.

'वाढलं' एवढंच रुखमाबाईच्या कानात शिरलं आणि स्टुलावर बसल्या बसल्या तिच्या जिवात जीव आला. घरी तिची सून सीता खाटेवर निजून होती. लग्नाला सहा वर्षं झालेली, दोनदा पोट पडलेलं, आणि या तिसऱ्या खेपेला अडीच महिन्यांवर पुन्हा डाग दिसू लागले होते. मुलगा दसरू एटापल्लीकडे जंगलखात्याच्या डेपोवर चौकीदार, महिन्यातून एकदा घरी येणारा. तेव्हा धावपळ काय ती म्हातारीच्याच नशिबी.

सिंदेवाही ते चंद्रपूर एसटीचे हादरे सुनेला सोसणार नाहीत, म्हणून बाईंनीच सांगितलं होतं, तिला आणू नका, तिची सकाळची पहिली लघवी तेवढी स्वच्छ बाटलीत आणा. दवाखान्यात ती लघवी पाणी घालून पातळ करत जायची आणि किती पातळ केल्यावरही गर्भाची खूण दिसते ते पाहायचं. त्यावरून पोटातलं हार्मोन चढतंय की उतरतंय ते कळतं. मागच्या आठवड्यात ते कमी निघालं होतं आणि तेव्हापासून गावची नर्स सीताला इंजेक्शनं देत होती.

"आनंदाची गोष्ट नाही ही," बाई म्हणाल्या. "आठ दिवसांत एवढं चढत नाही. वर डागही आहेत. कधीकधी आत मूल नसतंच, द्राक्षांसारखे फोड वाढत असतात. तसं असलं तर पिशवी साफ करावी लागेल. उद्याच घेऊन या सुनेला."

रुखमाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. कारण बाटली सीताची नव्हतीच.

आता तिचं तरी काय चुकलं म्हणावं? जन्मभर तिनं धान विकलं. व्यापाऱ्याला वानगी दाखवायची तर पोत्यात हात घालून हाताला लागेल ती मूठ कुणी नेत नाही. पाखडून, खडे वेचून, टपोऱ्या दाण्यांची मूठ फडक्यात बांधतात. पुढे पोतं उघडल्यावर भाव थोडा पडला तर पडला, पण निदान दारात तरी उभं करतात. सीताच्या मागच्या खेपेला एका दुसऱ्या डॉक्टरनं 'आता उपयोग नाही' म्हणून औषधच बंद केलं होतं. ती धास्ती म्हातारीच्या काळजात घर करून बसली होती. शेजारची आशा तिसऱ्या महिन्याची, ओकून ओकून बेजार, पण डाग म्हणून कधी दिसला नाही. सकाळी रुखमाबाईनं सीताची बाटली परसात ओतली, विसळली आणि कुंपणापाशी जाऊन आशापुढे धरली. आशाला हसूच आलं.

"द्या इकडं, काकू. मायं चांगलं निघालं तं वैनीचंबी चांगलंच होईन."

आता गप्प बसावं तर अब्रू झाकली जात होती. पण आत खरंच लेकरू असलं तर? रुखमाबाई स्टुलावरून उठली आणि हात जोडून उभी राहिली.

"बाई, मले पाह्यजे तं मारा. ते माया सुनेचं नाई. दुसरीचं आहे."

 बाईंचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "अहो, मी तिची पिशवी रिकामी केली असती! कळतंय का तुम्हाला?"

"कळलं म्हनूनच तं सांगून राह्यलो, बाई."

"उद्या तिची आणा. कमी असेल तर कमी. मला खरं पाहिजे."

घरी येऊन सीताला सांगणं डॉक्टरीणबाईंना सांगण्याहून अवघड गेलं. रुखमाबाई खाटेशेजारी भुईवर बसली आणि सगळं बोलून मोकळी झाली. सीतानं आढ्याकडे पाहत विचारलं,

"तुमाले वाटलं माया पोटात काईच नाई, का वो आई?"

"नाई वो. कमी निघन, याचंच भेव वाटलं."

"मलेबी वाटते. रोज वाटते," सीता म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. सहा वर्षं एका चुलीवर रांधून खाल्लं, पण या दोघी एकमेकींशी असं पहिल्यांदाच बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सीतानं बाटलीचं झाकण स्वतः घट्ट लावून ती सासूच्या हातात दिली.

या वेळी बाई रागावल्या नाहीत. त्यांनी स्टुलाऐवजी खुर्ची पुढे सरकवली, तेव्हाच रुखमाबाई काय ते समजली.

"मागच्यापेक्षाही उतरलंय, आजी. इंजेक्शनं आता थांबवा. थोड्या दिवसांत आपोआप पडेल. रक्त फार गेलं तर लगेच घेऊन या, वाट पाहू नका."

"कालच हे आनलं असतं तं वाचलं असतं का?"

"नाही. काल आणलं असतंत तरी हेच निघालं असतं."

परतीच्या एसटीत रुखमाबाईनं ते वाक्य मनाशी किती वेळा घोकलं. कधी पटत होतं, कधी नाही.

रुखमाबाई दारातून आत येताच सीतानं मान वर केली. सासूनं आढेवेढे घेतले नाहीत. खाटेवर बसून तिनं सुनेचा हात हातात घेतला आणि "उतरलं, माय," एवढंच म्हणाली. सीता भिंतीकडे वळली. तिची पाठ हलत होती आणि रुखमाबाई ती पाठ नुसती चोळत राहिली. मग भिंतीकडूनच आवाज आला.

"आशीले एवढ्यात नोका सांगू, आई. तिले तिसराच चालू आहे. भेव घेईन पोरगी."

रुखमाबाई बाहेर आली. ती यायचीच वाट पाहत आशा पाणी भरायचा रिकामा पितळी गुंड कमरेवर घेऊन कुंपणापाशी उभी होती.

"काय निघालं वो, काकू?"

रुखमाबाईनं पदरानं तोंड पुसलं. आशाच्या कमरेवरचा गुंड तिनं ओढून आपल्या कमरेवर घेतला.

"जड उचलू नोको तू आता," ती म्हणाली. "तुयं पानी मी भरून देतो." आणि ती विहिरीकडे चालू लागली.