दोन सुरुवाती

पडद्यावर दाखवायच्या ट्रान्सपरन्सी, म्हणजे पारदर्शक पानं, लिहायचं काम उत्तराचं. गिरीशचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि आज अकराला विद्यापीठात त्याचं भाषण. कायमची नोकरी त्यावरच ठरायची होती. नाही मिळाली तर जूनमध्ये व्हिसा संपतोय. इथलं आयसेलिनचं अपार्टमेंट आवरून पुण्याला परत.

दीड वर्षांची दीपा टेबलाखाली पेनांची टोपणं चोखत होती. उत्तराने तिच्या तोंडातून एक काढलं, पुसलं आणि पुढच्या आलेखासाठी प्रिंटआउट ओढले.

गिरीशने काँप्युटरमध्ये हजारो इवलीशी चुंबकं मांडली होती. तापमान ठरवून द्यायचं, ती उलटीसुलटी होऊ द्यायची आणि शेवटी कुठल्या नक्षीत स्थिरावतात ते बघायचं. अशी एक फेरी म्हणजे एक रन. त्याला एक नवीनच नक्षी सापडली होती. भाषणाचा सगळा जीव तिच्यात.

गठ्ठ्याच्या तळाशी उत्तराला आणखी एक प्रिंटआउट दिसला. तापमान तेच, पण नक्षीचा पत्ता नाही.

"अरे, हा रन कुठला?"

दाढी करता करता गिरीश थबकला. "तो राहू दे. विस्कटलेल्या चुंबकांपासून सुरू केलेला. मशीनचा वेळ संपला, समतोलापर्यंत पोचला नाही तो."

"तो पोचला नाही, की तुझा पहिला हललाच नाही?"

"म्हणजे?"

"नक्षी तूच मांडून सुरुवात केलीस. ती तशीच राहिली, तर ती चुंबकांची कशावरून? समतोल आला असता तर दोन्हीकडून एकच उत्तर यायला हवं होतं."

"एम.एस्सी.चा पेपर तपासतेस का माझा?"

"तपासत नाही. विचारतेय."

"दुसरा रन मी लांबवीन, यार. नोकरी मिळाल्यावर. आत्ता कोण विचारणार आहे?"

"आणि कुणीच नाही विचारलं तर?"

तो उरलेली दाढी करू लागला. उत्तराला वाटलं, आपण तो कागद परत तळाशी ढकलून दिला असता तर बरं झालं असतं. दीपाला इथलीच बालवाडी मिळाली असती.

गिरीश टॉवेलने तोंड पुसत आला. लाल पेन उचलून त्याने तिच्या देखण्या निळ्या रेषेखाली दुसऱ्या रनचे ठिपके वेडेवाकडे मारले. "हे तरी तुझ्या हातचं नको," म्हणाला.

भाषणाला उत्तरा शेवटच्या रांगेत बसली, दीपा खांद्यावर झोपलेली. निळा-लाल आलेख पडद्यावर आला आणि पुढच्या बाकावरच्या विभागप्रमुखांनी विचारलं, "मग यातलं खरं कुठलं?"

"आज सांगता येणार नाही," गिरीश म्हणाला. "कदाचित दोन्ही नाहीत."

विभागप्रमुखांनी पेनचं टोपण लावलं. पुढे कुणीच काही विचारलं नाही. टाळ्या वाजल्या, पण घाईघाईच्या.

गाडीत बसल्यावर गिरीश म्हणाला, "गेली."

"हो."

"तू गप्प बसली असतीस तर मिळाली असती."

"मिळाली असती. मग फोन वाजला की चूक पकडली असं वाटून रोज मी दचकले असते, आणि तूही."

गिरीशने किल्ली काढली, पण लावली नाही.

"घराची लीज कधी संपते?" त्याने विचारलं.

"मेअखेर."

"तोवर होईल तो रन," तो म्हणाला आणि गाडी सुरू करून मागे घेऊ लागला. उत्तराने मान वळवून मागून कुणी येतंय का ते पाहिलं.