पिवळ्या खोल्या

गल्लीत तिला सगळे मोजपट्टी म्हणत. हे नाव ठेवलं सुताराने. त्याच्या दुकानातला टेप ती उसना नेई आणि परत द्यायचं नाव घेत नसे. वय बारा, अंगाने काटकुळी, आणि एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती.

त्या वर्षी तिच्या डोक्यात क्लब शिरला होता. गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेला दवाखाना होता. त्याच्या दोन खोल्यांत कुणा संस्थेने जुने कॉम्प्युटर मांडले होते, आणि शाळा सुटली की तिथे पोरांना चित्रं हलवायला, आवाज जोडायला, गेम बनवायला शिकवत. शिकवायच्या त्या क्लबताई. बाई मोठी उत्साही, मनाने स्वच्छ, आणि राहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला. परवानगी न घेता काढलेल्या खोलीत झोपणं म्हणजे काय, हे त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं.

त्यांनी पोरांना काम दिलं, ‘आमची गल्ली कशी वाढली’. अख्खी गल्ली मोजायची, कॉम्प्युटरवर जशीच्या तशी उभी करायची, इतकी हुबेहूब की माउसने दारातून आत शिरता यावं. पहिलं बांधकाम निळं आणि नंतर वाढवलेलं पिवळं. कुणी काय कधी बांधलं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं.

म्हातारे तर वाटच बघत होते. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. हा पोटमाळा धाकट्याच्या लग्नात काढला, तो जिना एका रविवारात उभा केला, ही भिंत शेजाऱ्याशी भांडून दीड वीत पुढे घेतली, असं त्यांनी भरभरून सांगितलं. पोरांनी तेवढं सगळं पिवळं केलं. सुताराने तर चहा पाजून आपली मागची शेड दाखवली.

मोजपट्टीच्या घरी मात्र बाबांनी आधीच बजावलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर माणसं दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली बघून त्यांना आगाऊ भ्यायची सवय लागली होती.

“आत्याची खोली दाखवायची नाही,” ते म्हणाले. “ती कागदावर नाही.”

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. कारखान्यात पॅकिंगच्या मशीनमध्ये तिचा पाय सापडला. तेव्हापासून तो गुडघ्यात वाकायचा नाही, काठीसारखा सरळ राहायचा. नवऱ्याने तिला वाऱ्यावर सोडलं तेव्हा बाबांनी स्वयंपाकघराची मागची भिंत पाडून, मागे आठ फुटांची खोली काढली आणि मध्ये पडदा लावला. त्या खोलीत आत्याची खाट, शिलाई मशीन आणि शिवायला आलेल्या पिशव्यांचा ढीग. मशीनवर बसली की तिचा आखडलेला पाय समोरच्या भिंतीला टेकायचा, मग ती तिरकी बसून शिवायची आणि संध्याकाळी कंबर धरून ओरडायची, “खोली आहे की काडेपेटी!” पण त्या काडेपेटीवाचून तिला दुसरा आसरा नव्हता. पुढच्या खोलीत आईबाबा आणि मोजपट्टी दाटीवाटीने झोपत. बाकी जवळच्या माणसांत आत्याला ठेवून घेईल असं कुणी उरलं नव्हतं.

मोजपट्टीने बाबांचं ऐकलं आणि खोली गाळली. क्लबताईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिचं घर फिरवून बघितलं.

“बाहेरून सव्वीस फूट, आतून अठरा,” त्या हसून म्हणाल्या. “आठ फूट कुठे गेले? उंदरांनी खाल्ले?”

पोरं खिदळली. दुसरं काहीही चाललं असतं, पण मोजपट्टीला मोजता येत नाही हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

“मागे आत्याची खोली आहे,” ती म्हणून गेली.

“मग काढ की. इतकं छान काम आणि त्यात खोटं कशाला?”

तिने काढली. काढताना बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि त्याहून जास्त आला आत्याचा तो भिंतीला टेकलेला पाय. मग तिने माउसने रेघ धरली आणि हळूच पुढे ओढली. स्वयंपाकघरातलं दीड फूट काढून तिने आत्याला दिलं. बाहेरची बेरीज तीच राहिली, क्लबताई खूश झाल्या आणि पुढच्या पोराकडे वळल्या. एकदा आत्याला हाताला धरून क्लबमध्ये नेऊन तिने ते दाखवलंसुद्धा. आत्या पडद्यासमोर बराच वेळ वाकून उभी होती.

“मावतोय गं माझा पाय,” ती म्हणाली. “तुझ्या आईला सांगू नकोस, ओटा मागायला येईल.”

नगर कार्यालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन झालं. साहेब लोकांनी पोरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, फोटो काढले आणि एक प्रत आम्हाला द्या म्हणाले. क्लबताईंनी आनंदाने दिली. कार्यालयात त्या गल्लीचा जुना नकाशाच कुणाला सापडत नव्हता, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

थंडी सरता सरता दारादारांवर नोटिसा लागल्या. प्रत्येक नोटिशीवर त्या त्या घराचं पोरांनी केलेलं चित्र छापलेलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, पिवळा भाग पाडण्यात येईल. गल्लीच्या पायाखालची वाळू सरकली. काही पोरांनी त्या दिवशी मार खाल्ला. क्लबताई कार्यालयात धावल्या, तिथे त्यांना कुणी बसाही म्हणालं नाही. परत येऊन त्या दवाखान्याच्या पायरीवर रडत बसल्या. लोकांनी त्यांच्या तोंडावर दारं लावली. त्या रडण्याने कुणाची एक वीट वाचणार नव्हती, आणि गल्लीचा राग मला तरी रास्त वाटतो.

“त्यांना काय बोलायचं?” सुतार म्हणाला. “चहा पाजून सांगितलंय मी.”

बाबा मोजपट्टीला एवढंच म्हणाले, “तुला सांगितलं होतं ना?” त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. आईने शहराबाहेरच्या निराधार बायकांच्या वसतिगृहात चौकशी केली. एका खोलीत वीसजणी, मशीन आणता येणार नाही. आत्याने ऐकून घेतलं आणि हातातल्या पिशवीचा बंद शिवून पुरा केला.

“जाईन की,” ती म्हणाली. “पाडतील तेव्हा जाईन.”

पाडायला आले ते सकाळी. हातात टॅब घेतलेले एक साहेब, घण आणि ड्रिल घेतलेली माणसं, दोन पोलीस. सुताराची शेड गेली, कुणाचा जिना गेला. मग ते मोजपट्टीच्या दारात आले. सामान आधीच गल्लीत काढलं होतं. खाटेवर मशीन, मशीनवर पिशव्या. एका माणसाने टॅबमध्ये बघून दारापासून टेप लावला आणि आत बाजूच्या भिंतीवर खडूने रेघ मारली.

बाबांनी ती रेघ बघितली आणि ते साहेबांसमोर आले.

“साहेब, रेघ चुकलीय. जुन्या भिंतीचे खांब दीड फूट मागे आहेत, प्लास्टरच्या आत. तुमच्या रेघेने तोडलं तर खांब जातील. वरचा स्लॅब खाली येईल.”

“सकाळपासून प्रत्येक घरात रेघ चुकलेलीच आहे म्हणे,” साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. “हे तुमच्याच मुलांनी मोजलंय. मुलं कशाला खोटं मोजतील?”

गल्ली गोळा झाली होती. मोजपट्टी खाटेला धरून उभी होती. गप्प बसावं तर सगळं घर बसेल. बोलावं तर आत्याची खोली नेमकी कुठून तोडायची ते आपल्याच तोंडाने सांगायचं. रेघ पार मागच्या भिंतीवर आहे, पिवळं काहीच नाही, असं सांगून टाकावं हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण मागच्या विटा नव्या होत्या, आंधळ्यालाही दिसल्या असत्या. ड्रिलवाला रेघेपाशी जाऊन उभा राहिला.

“मी मोजलंय,” ती म्हणाली. “आणि खोटं मोजलंय.”

साहेबांनी टॅब खाली केला. “का?”

“आत्याचा पाय मावत नव्हता.”

साहेबांना काही उमगलं नाही. बाबांना उमगलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

“मग खरं मोजून दाखव,” साहेब म्हणाले आणि टेप तिच्या हातात दिला. “दारात टोक धरा कुणीतरी.”

कुणी हललं नाही. जो तो आपल्या पडलेल्या विटांकडे बघत होता. त्या पोरीला हातभार लावायची कुणाला इच्छा नव्हती. मग आत्या पुढे आली. उभ्याने टोक जमिनीला टेकेना, तेवढं खाली वाकता येईना. शेवटी दाराची चौकट धरून ती कशीबशी उंबऱ्यावर बसली, आखडलेला पाय गल्लीत लांब टाकला आणि हाताच्या अंगठ्याने टेप दाबून धरला.

मोजपट्टी टेप सोडत आत गेली. पुढची खोली, मग आईचा ओटा, मग खडूची रेघ ओलांडून मागे. तिथे ती थांबली.

“अठरा,” ती म्हणाली.

“नीट वाच,” आत्या दारातून म्हणाली. “अंदाजाने सांगू नकोस. घर आहे ते.”

“अठरा फूट दोन इंच.”

एकाने घण हलकेच मारला. प्लास्टरचा पोपडा गळाला आणि आत खांबाची गंजकी सळई दिसली. साहेबांनी टॅबवर बोटाने रेघ मागे सरकवली. आत्याला दिलेली जागा स्वयंपाकघरात परत गेली. मग त्यांनी खडू मोजपट्टीपुढे धरला, आणि तिने वरपासून खालपर्यंत सरळ रेघ मारली. हात अजिबात हलला नाही, याची तिला पुढे कित्येक वर्षं लाज वाटत राहिली.

रेघेच्या मागे ड्रिल सुरू झालं. स्वयंपाकघरात धूळ आली, ओट्यावरची भांडी थरथरली, पण छत जागचं हललं नाही. आई तोंडाला पदर लावून छताकडे बघत होती आणि रडत होती. सुटल्याचं रडू की नणंदेसाठीचं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मोजपट्टी दारात आली. आत्या अजून उंबऱ्यावर तशीच बसलेली होती. टेप गुंडाळला गेला होता तरी अंगठा जमिनीवर दाबलेलाच होता. येणारेजाणारे तिच्या पायाला वळसा घालून जात होते. मोजपट्टीने तिच्या काखेत हात घातला.

“इतक्यात उठवू नकोस गं,” आत्या म्हणाली. “उठले की निघावंच लागेल.”