कानबाईसाठी रंगवलेला डबा

मी एक जुना, दोन चाकांवरचा डबा आहे. डबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पोळीभाजी आली असेल, तर तसा नव्हे. माझ्यात माणसे राहतात. मला स्वतःचे इंजिन नाही. पुढे एक लोखंडी आकडा आहे. तो जीपला अडकवला की मी तिच्या मागोमाग निघतो, आणि ती थांबेल तिथे आतल्या माणसांचे घर होते. शिकलेले लोक मला कॅराव्हॅन म्हणतात. सिल्वाशात मात्र सगळ्यांनी मला डबाच म्हटले, आणि आता मलाही त्या नावाची सवय झाली आहे.

मित्रांनो, माझा जन्म सिल्वाशाजवळच्या मसाटला, एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एरवी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनत. सरकारी बांधकाम खात्यातले जयवंत साहेब एक दिवस मासिकातला फोटो घेऊन आले आणि म्हणाले, "असे चाकावरचे घर बनवून द्या." कारागिराने फोटो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि महिन्याभरात मला उभे केले. दोन खिडक्या, एक दार, आत पलंग आणि ओटा. साहेबांच्या पत्नी प्रमिलाबाई शाळेत शिकवत. सुट्टी लागली की त्या तांदूळ, लोणचे आणि पत्त्यांचा जोड माझ्यात भरत, आणि आम्ही निघत असू. दमणचा समुद्र मी पाहिला आहे. खानवेलच्या सागाखाली झोपलो आहे. जिथे थांबू तिथे गर्दी होई, आणि प्रत्येक जण एकच गोष्ट विचारी, "आत बाथरूम आहे का?" नव्हते. माणसे जराशी खट्टू होऊन जात. पण जाताना माझ्या पाठीवर थाप मारून जात, हेही खरे.

मग साहेबांच्या मुली मोठ्या झाल्या. त्यांना सुट्टीत शिकवण्या लागल्या, मग नोकऱ्या लागल्या. साहेब निवृत्त होऊन कोकणात परतले, तेव्हा मला न्यायला जीपही उरली नव्हती. मी कल्पेशभाईंच्या भंगाराच्या वाड्यात गेलो. त्यांनी माझ्यात रद्दी पुठ्ठा कोंबला, छतापर्यंत. सहा पावसाळे तो पुठ्ठा भिजला आणि सुकला. माझी जमीन कुजली. टायर जिथल्या तिथे बसले. वाड्यातल्या मांजरीने माझ्या खिडकीत तीनदा पिल्ले घातली. त्या काळातली तेवढीच काय ती वर्दळ.

तर असा मी उभा असताना, आषाढातल्या एका रविवारी समाधान आला. मसाटच्या कारखान्यात तो फिटर आहे, मूळचा अमळनेरकडचा. सोबत त्याची बायको रोशनी, आणि तिच्या कडेवर अडीच वर्षांची सायली.

"भंगार वजनावर जाते, भाई," कल्पेशभाई म्हणाले. "काट्यावर नेऊ. जेवढे भरेल तेवढे."

समाधान लगेच हो म्हणणार होता. रोशनीने सायलीला दुसऱ्या कडेवर घेतले.

"मग आधी पुठ्ठा बाहेर काढा."

"पुठ्ठ्याचे वजन ते किती, बहेन?"

"ओला आहे ना तो. ओला पुठ्ठा लोखंडाच्या भावात घेऊन आम्ही काय करू? चहात बुडवून खाऊ?"

कल्पेशभाई असे हसले, की पुठ्ठा काढायला स्वतःच पुढे झाले. मग रोशनीने खाली वाकून माझ्या टायरच्या बगलेतल्या भेगेत बोट घातले. बोट आत गेले. त्याचेही पैसे कमी झाले. मला त्या बाईचा तेव्हाच थोडा धाक वाटला.

आता त्यांना मी कशाला हवा होतो, ते सांगतो. समाधानची आई, केसरबाई, त्यांच्याबरोबर मसाटच्या चाळीत राहते. खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घरोघर कानबाई बसते. कानबाई म्हणजे घराची देवी. पिढ्यानपिढ्या जपलेल्या नारळाला नथ, डोळे, दागिने लावून तिला सजवतात. तिच्यासाठी गव्हाचे रोट करतात, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. त्याआधी घराला रंग द्यायचा, पडदे नवे करायचे. पाहुणीच तशी मोठी! पण चाळीच्या मालकाने गर्दी आणि गाणी दोन्हींना नाही म्हटले होते. गावातली खोली वाटणीत चुलत्यांकडे गेली होती, आणि चुलतेही सुरतेला गेले होते. दोन श्रावण झाले, केसरबाईंची कानबाई पत्र्याच्या पेटीतून बाहेर आली नव्हती.

"दोन वरीस झाले, माय पेटीत बसेल शे," केसरबाई म्हणत, आणि ताटावरून अर्धपोटी उठत. यंदाही ती बसली नाही तर आपल्यामागे कुणीच बसवणार नाही, ही त्यांची भीती होती. समाधानला ती ठाऊक होती. चाळीत बसवता येत नाही, तर चाकावरचे का होईना, स्वतःचे छत आणायचे, हे त्याच्या डोक्यात आले ते मला भंगारात पाहूनच.

मला चाळीसमोर आणून उभे केले तेव्हा केसरबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याभोवती पूर्ण फेरी मारली.

"हाई काय लई उना रे तू?"

"घर आहे, आई."

"घर? याले तर उंदीरबी भाडं देवाव नहीं."

 त्यांचे खोटे नव्हते.

त्यानंतरचे पंचवीस दिवस मात्र, मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत गोड दिवस. कारखान्यात माल ज्या लाकडी चौकटींवर येतो, त्या मोडल्या की फेकून देतात. त्यांच्या फळ्यांची माझी नवी जमीन झाली. गळक्या छताला समाधानने जुन्या ट्यूबचे तुकडे डांबराने चिकटवले, अगदी माणसाच्या गुडघ्याला पट्टी लावावी तसे. ओट्यात भांडी धुवायला भोक पाडलेले पातेले बसले. टायर वापरलेले पण धडधाकट, बगला तपासून घेतलेले. जयवंत साहेबांच्या नावावरचे माझे जुने कागद कल्पेशभाईंनी शोधून दिले आणि ते समाधानच्या नावावर झाले. गिरणीतून तुकड्यांचे कापड आणून रोशनी माझ्यातच शिलाई मशीन ठेवून पडदे शिवी. तिची वेळ ठरलेली होती, सायली दुपारी झोपली की. सायली मशीनच्या आवाजाने झोपे आणि आवाज थांबला की जागी होई. म्हणून दोरा तुटला, कापड संपले, तरी रोशनीचे पाय पायडलवर चालतच राहत. सुईखाली काहीच नसे. तिचे डोळे खिडकीबाहेर आणि एक हात लेकीच्या पाठीवर. असा रिकामा, धावणारा आवाज मी कितीतरी दुपारी ऐकला. मला वाटे, हिने जगातली सगळी कापडे शिवून झाली तरी थांबू नये.

रंगाची वेळ आली तेव्हा समाधानने कारखान्यातून उरलेला निळा आणला. केसरबाईंनी झाकण उघडून पाहिले आणि पुन्हा लावले.

"कानबाईले निळा? तिचं काय नौदलात नाव घालायचंय?"

मग पिवळा आला. हळदीचा असतो तसा. निळाही वाया घालवायचा नव्हता, म्हणून तो माझ्या पोटाला खालून लागला. ज्याला तो पाहायचा असेल त्याने आडवे पडावे. सायली रोज पडे.

जागा कारखान्यातल्या भिकाने दिली. तो सुरंगी गावचा, तिथे त्याचे शेत आहे. "आमच्या माळावर उभा कर डबा. किती पण गाणी बोला, ऐकायला झाडंच आहेत," तो म्हणाला. शनिवारी सकाळी तो आपला पिकअप घेऊन हजर झाला.

सामान भरताना समाधानच्या हातून एक चूक झाली, आणि ती फिटरच करू जाणे. कारखान्यात हातगाडी ढकलताना पुढचे टोक हलके असले की गाडी सहज वळते. तोच हिशेब त्याने मला लावला. पाण्याचे पिंप मागे, गव्हाचे पोते मागे. केसरबाईंचे दगडी जाते तर त्याला आणायचेच नव्हते. पण रोटाचे पीठ जात्यावरच दळायचे हा त्यांचा हट्ट होता, म्हणून त्याने ते कुरकुरत उचलले आणि अगदी मागच्या कोपऱ्यात, गोधड्यांखाली ढकलून दिले. मग पुढे येऊन माझा आकडा एका हाताने वर उचलला.

"बघ रोशनी! एका हाताने!"

"समाधान, वझं पुढे घे," केसरबाई म्हणाल्या.

"आई, तू पिकअपमध्ये बस पाहू."

"माले डब्यात बसू दे. कानबाईजवळ."

"चालत्या डब्यात माणूस बसत नाही, मावशी," भिका म्हणाला, "पोलीस बी रागवेल आणि मी बी." त्या कानबाईची पेटी मांडीवर घेऊन पुढे बसल्या.

सिल्वासा मागे पडेपर्यंत मी नीट चाललो. खरे सांगायचे तर मिरवत चाललो. पुढे एक उतार लागला, पिकअपने वेग घेतला, आणि माझे शेपूट हलले. आधी थोडे डावीकडे, मग बरेच उजवीकडे. मला थांबता येईना. मागचे वजन मला झोका देत होते आणि माझा हलका आकडा पिकअपलाच ओढत होता. आतली भांडी खाली आली. बाजूला भाताचे खाचर दिसले, आणि मला वाटले, संपले, पुन्हा पुठ्ठा! भिकाने मात्र ब्रेक दाबला नाही. पाय नुसता काढून घेतला, स्टिअरिंग सरळ धरले. मी हेलकावे खात खात, एक चाक गवतात ठेवून, उभा राहिलो.

सर्वांत आधी सायली टाळ्या वाजवू लागली. 

समाधान गवतातले चाक पाहून आला. "परत जाऊ," तो म्हणाला. "नाहीतर ते जातं इथेच झाडाखाली ठेवू. त्याच्यामुळेच झालंय सगळं."

केसरबाई खाली उतरल्या. पेटी रोशनीच्या हातात दिली. माझ्या दारातून आत चढल्या, गोधड्या बाजूला केल्या आणि जात्यावर बसल्या.

"जातं नहीं, तू चुकना," त्या म्हणाल्या. "गाडी उलाळ भरेल शे. तुना बापनी बैलगाडी वीस वरीस भरी मी. पोती मागे गयात की जू वर, बैल वर, गाडीवाला नालीमा."

"आई, इथे बैल कुठे आहेत?"

"बैल नाही, पण गाडी तर हाये," भिका म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हते. "मावशी बराबर बोलते. आमच्याकडे पण गवताची गाडी मागे जड झाली तर उलाळच बोलतात. मी पिकअपवाला असून माझ्या डोक्यात नाही आलं!"

समाधानने आईकडे पाहिले. मग त्याने पिंप पुढे सरकवले. गव्हाचे पोते पुढे घेतले. शेवटी जाते उचलायला तो वाकला तेव्हा केसरबाई उठल्या आणि त्यांनी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ते माझ्या पुढच्या भिंतीशी, आकड्याच्या अगदी मागे ठेवले. आता आकडा एका हाताने उचलेना. समाधान आणि भिका दोघे लागले.

पुढच्या उतारावर मी वाट पाहत होतो, आता हलेल, आता हलेल. काहीच हलले नाही. ते जड दगडी ओझे मला पुढून धरून होते, आणि मी पिकअपमागे असा सरळ गेलो, जशी पोर आईचा पदर धरून जाते.

तोवर केसरबाईंनी एकाही भाऊबंदाला बोलावले नव्हते. "आधी पोचू दे," एवढेच म्हणत. सुरंगीच्या माळावर माझ्या चाकांना दगड लागले, माझ्यात जात्याची घरघर सुरू झाली, तेव्हा कुठे त्यांनी रोशनीला सुरतेला फोन लावायला सांगितला. पुतण्या पलीकडून मोठ्याने विचारत होता, "काकू, येऊ कुठे? हॉल घेतला का?"

पिठाने भरलेला हात केसरबाईंनी माझ्या पिवळ्या चौकटीवर टेकला.

"हॉल कसाले रे?" त्या म्हणाल्या. "घर ये. आम्हना घर."

रविवारी चौतीस माणसे आली. सुरत, वापी, दादरा, जिथून तिथून. आत मावली नऊ, बाकीची दारात आणि माळावर. माझ्या ओट्यावर कानबाई बसली, नथ घालून. गाणी झाली, फुगड्या झाल्या, रोट झाले. माझ्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार दबले होते. मी कुरकुरलो नाही. बरे, थोडासा कुरकुरलो, पण गाण्यात कुणाला ऐकू गेले नाही. माळाच्या कडेला भिका उभा होता. रोट फक्त भाऊबंदांचे, म्हणून केसरबाईंनी त्याच्यासाठी वेगळी खीर शिजवली होती. आणि हो, सुरतेच्या पुतण्याने विचारलेच, "आत बाथरूम आहे का?"

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. तुमच्या अंगणात एखादे वाहन नुसते उभे असेल तर महिन्यातून एकदा त्याची चाके फिरवा, छतावरचा पालापाचोळा काढा, आणि कृपा करून त्यात पुठ्ठा भरू नका. आणि कुठे निघताना घरातले कुणी जुने, जड, हट्टी वाटले, तर त्याला मागच्या कोपऱ्यात ढकलू नका. दोघांनी धरा, आणि पुढे घ्या.