गोठलेले खांब

टॅमरॅकसारख्या उत्तरेतल्या गावात फेब्रुवारीत जमीन खणायचा विचार फक्त टोरंटोचा माणूस करू शकतो. आमच्याकडे नोव्हेंबर सरला की जमीन गोठते, ती एप्रिलपर्यंत कुणाचं ऐकत नाही. म्हणून प्रांताची निवडणूक भर हिवाळ्यात होणार अशी कुणकुण लागताच मी ऑक्टोबरातच पक्षाच्या पाट्यांसाठी लाकडी खांब रोवून घेतले. घरोघरी, अंगणात, मालकाला विचारून. शाळेची बस चालवायचं सोडल्यापासून हे काम माझ्याकडे आहे आणि मी ते दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

तेव्हा कुणी नाही म्हणालं नव्हतं. उमेदवार होती माझी भाची कर्स्ती, इथल्या दवाखान्यातली नर्स, मागच्या वेळी थोडक्यात पडलेली. पक्षाचा नेता तेवढा ठरायचा होता. गावातल्या आम्ही सगळ्या सभासदांनी उत्तरेतल्याच एका बाईंना मतं दिली होती आणि त्याच येणार म्हणून आधीच पेढे वाटल्यासारखे वागत होतो.

डिसेंबरात नेता झाला हॅलिवेल. हाच तो गृहस्थ, ज्याने एकदा भर सभेत सांगितलं होतं की उत्तरेतले रस्ते आणि दवाखाने सांभाळत बसण्यापेक्षा तिथली माणसं दक्षिणेत आणून वसवलेली स्वस्त पडतील. माझे आईवडील आणि नवरा इथल्या बर्फाखाली आहेत. त्यांना हा कुठे वसवणार होता?

बरं, दुसरीकडे बघावं तर काय होतं? सत्तेतल्या पक्षाचा नेता रस्ता देतो, रस्ता देतो म्हणत वर्षानुवर्षं आमच्या तोंडाला पानं पुसत होता. तिसऱ्या पक्षाच्या नेत्याने इथे जो उमेदवार दिला होता, त्याने टॅमरॅक फोटोतही पाहिलं नव्हतं. तीन नेते आणि तिघांतला एकही आमच्यासाठी नाही.

जानेवारीत प्रचारप्रमुख कॉलिन पाट्या घेऊन आला. पोरगा वाईट नव्हता, बूट मात्र शहरी होते, फाटकापासून दारापर्यंत दोनदा घसरला. पाटीभर हॅलिवेलचा हसरा चेहरा आणि तळाला बारीक अक्षरात कर्स्तीचं नाव.

"या मी लावणार नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी कर्स्ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला. तिने हात लावला नाही.

"मावशी, त्या पाटीवर माझंही नाव आहे."

"आहे. भिंग घेतलं की दिसतं."

"चेष्टा नको. विधानसभेत आपलं कुणी बोलणारं नसेल तर या वर्षी दवाखान्यातली बाळंतिणीची खोली बंद होणार. मग बायका कळा सोसत तीन तास गाडीत. गेल्या हिवाळ्यात एकीला रस्त्याच्या कडेला मोकळी केलीय मी. बाळ काळंनिळं पडलं होतं. रडेपर्यंत माझा जीव जागेवर नव्हता."

त्या बाळासाठी मी माझा हट्ट सोडला. सकाळी पाट्या माझ्या पिकअपमध्ये चढवल्या. कर्स्ती शेजारी बसली.

पहिलं घर एइनो रांतालाचं. म्हातारा दारात उभा राहिला, पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खांब राहू दे. तो तसाही आता निघत नाही. पाटी लावायची नाही."

"एइनोकाका, माझ्यासाठी," कर्स्ती म्हणाली.

"तुझ्यासाठी गोठ्याचं दार काढून देतो, त्यावर तुझं नाव लिही. त्याचं थोबाड माझ्या अंगणात नको. गाई आटतील माझ्या."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्याही घरी तेच. कुणी हसून सांगितलं, कुणी दार अर्धवट उघडून. मला आतून बरं वाटत होतं, ते कर्स्तीला दिसू नये म्हणून मी समोरच्या काचेकडे बघत गाडी हाकत होते.

शेवटी हिल्काकडे थांबलो. हिल्काची मुलगी मार्चमध्ये बाळंत होणार होती. ही तरी घेईल असं आम्हा दोघींना वाटलं होतं. हिल्का अंगणात बर्फ ओढत होती. फावडं टेकून तिने कर्स्तीला विचारलं, "तू निवडून आलीस की बसणार त्याच्याच मागे ना? तो म्हणाला हात वर कर, की करणार?"

कर्स्ती पाटीवरचा बर्फ झटकायला लागली.

"मग पाटी त्याचीच झाली की," हिल्का म्हणाली आणि पुन्हा बर्फ ओढायला लागली.

भरलेली गाडी तशीच परत आली.

त्याच आठवड्यात हॅलिवेलची बस आली. गावात शिरल्यापासून आमच्या फिनिश वाडवडिलांनी बांधलेल्या सभागृहापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते खांब. सभागृहात आम्ही कॉफी मांडली होती, कारण पाहुणा कसाही असला तरी कॉफी द्यावी लागते. गावातले बरेच जण आले होते, कोट न काढता भिंतीला टेकून उभे.

हॅलिवेलने हातमोजे काढत विचारलं, "पाट्या चोरीला गेल्या की काय?"

"हवा फार खराब होती," कॉलिन घाईने म्हणाला.

"हवा बरी होती," कर्स्ती म्हणाली. "लोक नको म्हणाले. साहेब, एकच विचारते. आपलं सरकार आलं तर बाळंतिणीची खोली राहणार का?"

"निवडणूक होऊ दे, मग शांतपणे बसून बोलू."

"आत्ता बसलोच आहोत."

तो हसला. पाटीवर हसतो तसाच. "हे बघ, असे निर्णय सगळ्या प्रांताचा खर्च बघून घ्यावे लागतात."

"म्हणजे माणसं हलवलेली स्वस्त पडतात, तेच ना?" कर्स्तीचा आवाज चढला नव्हता. "येताना खांब बघितलेत आपण. ते एप्रिलपर्यंत हलत नाहीत. आम्ही त्यानंतरही हलणार नाही."

"पक्षाच्या उमेदवारीवर सही माझी लागते, हे ठाऊक आहे ना तुला?"

"घ्या परत."

अभिमान नंतर वाटला, आधी भीतीच वाटली. ही पोर आयुष्यात एकदाच एवढी जवळ पोचली होती आणि माझ्यादेखत दार लावून घेत होती.

त्याने सही खरंच परत घेतली. बस गावाबाहेर पडायच्या आत कॉलिनने फोनवरून कळवलं. अपक्ष अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दुपारपर्यंत होती आणि त्यासाठी गावकऱ्यांच्या सह्या लागणार होत्या. त्या सभागृहातून कुणी हलायच्या आतच मिळाल्या. एइनोने पेन दुसऱ्याला द्यायला इतका वेळ लावला की मागचे ओरडायला लागले.

पाट्यांची मागची बाजू कोरी पांढरी होती. त्या आम्ही माझ्या गॅरेजमध्ये उलट्या टाकल्या आणि कर्स्तीने स्वतः काळ्या रंगाने नाव लिहायला घेतलं. अक्षर तिचं पहिल्यापासून गचाळ.

"खाली काय लिहायचं?" मी विचारलं. "पक्षाच्या जागी?"

"काही नको."

अर्ज दाखल झाल्यावर पहिली पाटी घेऊन तिने गाडी हिल्काकडे वळवायला लावली. हिल्का बाहेर आली. कर्स्तीने पाटी छातीशी धरली होती.

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं," ती म्हणाली. "आता कुणाच्या मागे बसायचं नाही. आलेच निवडून तर एकटी बसेन, एखाद्या कोपऱ्यात. ऐकतील की नाही, माहीत नाही."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर मार्चमध्ये तुमच्या लेकीबरोबर गाडीत मी असेन. तीन तास."

हिल्काने फावडं बर्फात खोचलं, पाटी कर्स्तीच्या हातातून घेतली आणि खांबाला टेकवून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.

"लेम्पी," ती मला म्हणाली, "आण तुझे स्क्रू."