पाठ फिरवलेला सारस

मी भरतकामाचा खाका बोलतो आहे. एका सारस पक्ष्याचे चित्र आणि त्याच्या रेषांवर सुईने टोचलेली बारीक भोके, एवढाच माझा देह. मला कापडावर ठेवून वरून खडूची पूड घासली की खाली ठिपक्यांचा सारस उमटतो आणि त्यावर रेशीम भरतात. पुढील हकिकत बहुतांशी मी स्वतः अनुभवलेली आहे. एक प्रसंग मात्र मी पेटीत असताना घडला. तो मला कात्रीने सांगितला, आणि तोही धार लावून आली त्या दुपारी, म्हणजे जरा फुशारकीत असताना.

मला या घरच्या सुनेच्या आजेसासूबाईंनी टोचले. भोके कोणी मोजलेली नाहीत, म्हणून आकडा सांगत नाही. माझा सारस आधी शालींवर बसला, मग झग्यांवर, मग हातातल्या पिशव्यांवर. माझ्या निरीक्षणानुसार फॅशन बदलते म्हणजे सारस खांद्यावरून कमरेवर उतरतो आणि वीसेक वर्षांनी, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, पुन्हा खांद्यावर चढतो.

एकदा एका गायिकेने समोरून उघडा झगा भरायला दिला. पुढच्या दोन्ही भागांवर एकेक सारस, चोची समोरासमोर. त्यासाठी मला एकदा सुलटे आणि एकदा पालथे ठेवावे लागते. हे काम नेहमी सासूबाईंचे. या वेळी सुनेने ते मागून घेतले.

"चुकलीस तर पुन्हा दोरे ओवायला बसवीन हं."

"बसेन की. नाहीतरी तुमचेही मीच ओवते."

सासूबाईंनी हे ऐकू न आल्यासारखे केले.

सुनेने मला दोन्ही वेळा सुलटेच ठेवले. कागदाला भोके असतात, तोंड नसते. मी काय करणार? एक भाग सासूबाईंनी आतल्या खोलीत भरला, दुसरा सुनेने बाहेर. सहा आठवड्यांनी, गायिकेसमोरच, ते प्रथम शेजारी ठेवले गेले. एका सारसाने दुसऱ्याकडे चक्क पाठ फिरवली होती. सून खडूसारखी पांढरी पडली. उसवावे तर कापडाची चाळण होणार, आणि कार्यक्रम चार दिवसांवर.

"अगं बाई! एक बोलतोय आणि दुसरा ढिम्म," गायिका म्हणाली. "आमच्या ह्यांना कुठे पाहिलंत तुम्ही?"

सून तोंड उघडणार तोच सासूबाई म्हणाल्या, "सुनेची कल्पना बरं का. आम्हा म्हाताऱ्यांना असलं कुठे सुचायला!"

पुढच्या हंगामात शहरभर रुसलेले सारस दिसू लागले. एका अभ्यासकाने त्यांत विरह शोधला. मी अदबीने गप्प राहिलो.

आता खाका सूनच ठेवते. ठेवण्यापूर्वी मला तीनदा उलटून पाहते. माझ्या कडा झिजल्या आहेत, चोचीची भोके एकमेकांत मिसळली आहेत. नवा खाका टोचाल तेव्हा मला फेकू नका, एवढीच विनंती.

राहिला कात्रीचा प्रसंग. काम सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, सून बाहेर गेलेली असताना, सासूबाई तिच्या भरतकामाच्या चौकटीपाशी आल्या. तेव्हा चोच तेवढी भरून झाली होती. उसवायला अर्धा तास पुरला असता. त्यांनी चोचीवरून बोट फिरवले, थांबल्या, आणि काही न बोलता आत गेल्या. चूक कळूनही त्या गप्प राहिल्या, की डोळ्यांपाठोपाठ बोटानेही दगा दिला होता? याची खातरजमा मला कधीच करता आली नाही. चूक आधीच कळली होती का, असे सुनेने एकदा त्यांना सरळ विचारले होते.

"आधी दोरा ओव," त्या म्हणाल्या.