निळ्या नळ्या

नणंद कायमची माहेरी राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी तिने तळघराचा ताबा घेतला. गेली सहा वर्षं भावजय तिथे टोमॅटोची रोपं तयार करून विकत होती. चार मांडण्या, त्यांवर लाल आणि निळ्या दिव्यांच्या नळ्या, खिडकी एकही नाही.

"रोपं अशी खुजी का?" नणंदेने विचारलं.

"निळ्या उजेडात बुटकी राहतात, ताई, पण खोड जाड होतं. नुसत्या लालात भराभर उंच होतील, पण अंगात जोर नसेल."

"मला शिकवू नकोस. गिऱ्हाईक उंची बघतं."

संध्याकाळपर्यंत निळ्या नळ्या उतरल्या. "तुमचं तुम्ही बघा," एवढं बोलून नवरा मोकळा झाला. भावजयीने तो विषय पुन्हा काढला नाही. कोपऱ्यातली एक मांडणी मात्र तिने पडदा लावून अडवली आणि तिथल्या निळ्या नळ्या तेवढ्या राहू दिल्या.

तीन आठवड्यांत नणंदेची रोपं सरसरून वाढली. "हाताला गुण असावा लागतो," ती येईल त्याला ऐकवायची. खोडं फिकट आणि दोऱ्यासारखी झाली होती, पानं कडेने मुरडली होती. भावजयीला सगळं दिसत होतं. ती पाणी घालायची आणि निमूट वर जायची. खरं सांगायचं तर ती वाटच बघत होती.

दवाखान्याच्या बागेचा माळी तीनशे रोपं घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी खोकी घेऊन परत तळघरात आला.

"जरा वारा काय लागला, सगळी आडवी!" म्हणता म्हणता त्याला कोपऱ्यातल्या पडद्यामागून निळा उजेड दिसला आणि त्याने पडदा सारला. आत काळपट हिरवी, ठेंगणी, ताठ रोपं उभी होती. "मग ही का नाही दिलीत?"

ती रोपं घेऊन तो गेल्यावर नणंद वळली.

"तुला माहीत होतं."

"सांगितलं होतं."

"एकदा!"

"दहादा सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नसतं ऐकलं. पण मग आज तू अशी हसत उभी नसतीस."

भावजयीचा हात नकळत ओठांकडे गेला. ती खरंच हसत होती.

दुसऱ्या दिवशी नणंदेने दोन मांडण्या फरफटत पलीकडच्या भिंतीला नेल्या. तेव्हापासून दोघी एकमेकींकडे पाठ करून काम करतात. नणंदेची रोपंही आता बुटकी आणि दणकट निघतात. निळ्या नळ्या तिने परत कधी चढवल्या, ते भावजयीने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.