कोको बटरच्या जागी

मालकांचे जावई म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले गृहस्थ. चॉकलेटच्या कारखान्यात येऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते, आणि तेवढ्यात त्यांनी कोको बटर काढून त्या जागी पामचं स्वस्त वनस्पती तूप घातलं होतं.

चव तपासणाऱ्या ताईच्या सहीशिवाय मात्र एकही खोका दाराबाहेर जात नसे. कोको बटर नसेल तर वेष्टनावर ‘चॉकलेट’ लिहायचं नाही, हा नियम होता. जावईबापूंनी वेष्टनं आधीच छापून घेतली होती. एवढा मूर्खपणा माणसाला पगार घेऊन करता येतो, याचं तिला नवल वाटलं.

“ताई, बघा, हातात वितळतसुद्धा नाही!” त्यांनी मूठ उघडून दाखवली. तुकडा जसाच्या तसा होता. “भर उन्हाळ्यात कुठेही पाठवा.”

“हातात वितळत नाही, ते तोंडात कशाला वितळेल?” ती म्हणाली. “मघाशी जिभेवर ठेवलं तर टाळूला मेणबत्ती फासल्यासारखं झालं.”

“गिऱ्हाईकाला काय कळतंय?”

यांना स्वतःला काय कळतं, हे तिने विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

जावई तरातरा गेले आणि मालकांनाच घेऊन आले. मालक म्हणजे तिचे सख्खे मामा. तुकडा चावायचा नाही, जिभेवर ठेवून गप्प बसायचं, हे तिला एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनीच शिकवलं होतं. तिला मनापासून हायसं वाटलं.

मामांनी तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. मग रुमाल काढून तोंडाला लावला आणि नीट घडी घालून परत खिशात ठेवला.

“बरं आहे की,” ते म्हणाले. “कर गं सही. नाहीतर हे टेबल मला दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.”

तिला त्यांची कीव आली नाही, किळस आली. जावई निदान अडाणी तरी होते. मामांना सगळं कळत होतं.

“करते की,” म्हणत तिने पेनाचं टोपण काढलं. जावयांचा चेहरा खुलला. चवीच्या रकान्यात तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘मालकांनी स्वतः चाखलं आणि तुकडा रुमालात थुंकला.’ खाली सही केली, तारीख घातली आणि कागद पुढे सरकवला.

“आता साक्षीदार म्हणून तुमची सही, मामा. रुमाल जोडायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा.”